'पारंपरिक' हा शब्द मी लिहिला

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागली की जी माणसं धाडधाड खुर्च्या सोडून उठतात, त्यांच्यावर माझा फार जुना राग आहे. नवीन पनवेलच्या एका थिएटरात मी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना चक्क खांद्याला धरून खाली बसवलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, पिक्चर संपला." मी म्हटलं, "तुमचा संपला. ज्यांनी केला त्यांची नावं अजून यायचीत." ते बिचारे बसले. त्यांच्या मिसेस मात्र मोबाइलची बॅटरी लावून पायऱ्या उतरून गेल्या आणि गृहस्थ मग उरलेला वेळ पडद्याकडे न बघता दाराकडे बघत होते.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अशीच कुणावर तरी उखडलेली होते. ते म्हणाले, "ताई, एक स्त्री लेखिका-दिग्दर्शिका म्हणून तुमचा संघर्षमय प्रवास लिहा. थोडा प्रेरणादायी असू द्या." मी म्हटलं, प्रवास लिहिणार नाही. कुठल्या साली काय केलं याची यादी माझ्या मुलीने कॉम्प्युटरवर करून ठेवलीय, हवी तर पाठवते. प्रेरणा माझ्याकडे शिल्लक नाही, राग आहे. तो छापत असाल तर लिहिते. ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

मी काय करते ते आधी सांगते, कारण अख्खं आयुष्य पनवेलात काढूनही शेजारच्या काकूंना अजून वाटतं की मी 'सिरियलमध्ये' आहे. मी कथा लिहिल्या, दुसऱ्यांच्या सिनेमांचे संवाद लिहिले आणि मग स्वतः माहितीपट करायला लागले. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा सिनेमा. त्यात नट नसतात, त्यामुळे कुणाला 'अजून थोडं रडा' असं सांगता येत नाही. सांगणारे असतात, पण ते सोडा. बहुतेक काम ओट्यावर बसून चहा पिण्याचं असतं. पहिल्या दिवशी माणसं तुम्हाला जनगणनेवाली समजतात, दुसऱ्या दिवशी जमिनी घेणारी सिडकोवाली समजून घरातली सगळी कागदपत्रं आणून दाखवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "बाय, जेवून जा." कॅमेरा त्यानंतर पिशवीतून काढायचा.

आणि सगळं झालं की शेवटी नावं. कुणी काय केलं ते. आमच्या धंद्यात माणसाच्या हातात राहणारी गोष्ट तेवढीच.

माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा पडद्यावर आलं त्याची गोष्ट ऐका. एका सिनेमाचे संपूर्ण संवाद मी लिहिले होते. दिग्दर्शक मुंबईचे, मोठे प्रेमळ, मला 'बेटा' म्हणायचे. सिनेमा पनवेलला लागला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, अख्खी गल्ली घेऊन गेले. अण्णांचं बाजारपेठेत शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या दिवशी त्यांनी ते दुपारीच बंद केलं, जे ते गटारी अमावस्येलाही करत नसत. सुरुवातीला नावं आली. 'कथा-पटकथा-संवाद' याच्यापुढे दिग्दर्शकांचं नाव आणि त्यांच्या मेव्हण्यांचं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शेवटी असेल." सिनेमा संपला, गल्ली घरी गेली, झाडूवाली मावशी पहिल्या रांगेपासून झाडत आमच्यापर्यंत आली, आणि मग 'विशेष आभार' या मथळ्याखाली, एका देवस्थानाच्या आणि जनरेटर व्हॅनवाल्याच्या नंतर, माझं नाव आलं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी. घरी जाताना वडाळे तळ्यापाशी थांबून ते एवढंच म्हणाले, "जनरेटरवाल्याच्या वर घातलं असतं तरी चाललं असतं गं."

मी दिग्दर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, नाव म्हणजे काय, काम बोलतं." काम बोलतं! मग यांनी स्वतःचं नाव चार वेळा कशाला घातलं होतं, कामाला घसा नव्हता का?

तेव्हापासून मी कानाला खडा लावला, की माझ्या सिनेमात एकाही माणसाचं नाव गळणार नाही. ज्या बाईने शूटिंगच्या वेळी विहिरीचं पाणी दिलं तिचंही येईल. माझ्या फिल्मच्या नावांची पट्टी एवढी लांब असते की एका महोत्सवातल्या साहेबांनी, थोडी आखडती घ्या म्हणून विनवलं होतं. मी नाही घेतली. याचा मला गर्व होता. होता असं म्हणतेय ते लक्षात ठेवा.

मधल्या काळात पोटासाठी बरंच काही केलं. एक बिल्डरशेठ आले होते, मूळचे मिठागराच्या गावचे, हातात सात अंगठ्या. म्हणाले, "मॅडम, आईची फिल्म पायजे. वर्षश्राद्धाला दाखवाची." आईचा फोटो विचारला तर एकच निघाला, कुणाच्या तरी लग्नातला, त्यातही अर्ध्या तोंडावर हंडी-झुंबराची सावली. मी म्हटलं, यावर फिल्म कशी करू? शेठ म्हणाले, "त्यात काय, कोन्ती पन म्हातारी घ्या, पाठमोरी चालवा, वरून गाना टाका." मी चिडले, पण केली. शेजारच्या गावातल्या एका आजीबाईंना डोक्यावर टोपली देऊन बांधावरून चालवलं. वर्षश्राद्धाला मांडवात फिल्म लागली आणि शेठच्या थोरल्या आत्या एकदम उभ्या राहिल्या. "ही आमची नाय! आमची वैनी डाव्या पायाला लचकायची. ही कोनाची बाय हाय?" शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले, जसं काही त्यांची आई मीच हरवली होती. मला मात्र आत्यांचे पाय धरावेसे वाटले. मेलेल्या माणसाची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून भर मांडवात ओरडणारं एक तरी माणूस तिथे होतं.

आता धाकलीबाय.

गव्हाणची धाकलीबाय धवलारीण होती. घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं: आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतात, मंगलाष्टका म्हणतात, ते सगळं होतं, पण धवलारीण आली नाही तर घरच्या बायकांच्या मनाने लग्न लागत नाही. ही बाई हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीला उभी राहून गाते. ते धवले. देवांना बोलावते, पाण्याला बोलावते, मेलेल्या वाडवडलांना बोलावते, आणि मांडवात आलेल्या एकेकाचं नाव गाण्यात गुंफते. मामा, मामी, करवली, आचारी. धाकलीबाय लिहायला-वाचायला शिकली नव्हती. लग्नघरी गेली की पहिला तासभर ओट्यावर बसून ती कोण आलं, कोण कुणाचं, हे विचारून घ्यायची आणि मग दोन दिवस एकही नाव चुकायची नाही. एखादं नाव राहिलं तर तो पाहुणा जेवायला बसत नाही, असा तिथला रिवाज. मी तिला एकदा विचारलं, "मावशी, एवढी नावं लक्षात कशी राहतात?" ती म्हणाली, "लक्षान नाय ठेवाची, बाय. तोंडान ठेवाची."

एका संस्थेने मला तिच्यावर माहितीपट करायला दिला. मी तिच्याबरोबर दोन लग्नसराया हिंडले. एका मांडवात ती एक असं कडवं गायली, जे मी आधी कुठेच ऐकलं नव्हतं:

मांडवाच्या दारीं कोन कोन आयलं,
नाय आयलं तिचं नाव घेतंय गो.
खारीवरची आय, मिठावरची आय,
पोशीबाय माजी आय गो.
नाव नाय सातबारान, नाव नाय कागदान,
नाव तिचं मांडवान गातंय गो.

नेमकं 'पोशीबाय' म्हणताना बाहेरच्या रस्त्याने न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरवाल्याने हॉर्न दिला. लांबलचक, तीन सुरांचा. आमचा ध्वनिमुद्रक कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे रडवेल्या तोंडाने बघायला लागला. मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, तेवढं एक कडवं परत." आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी सवय ही. चुकलं की परत.

धाकलीबायने माझ्याकडे असं बघितलं, की मी चार पावलं मागे सरले. "पोरीला पुन्ना लगीन लावाचा काय? एकदा गायला तं झाला."

म्हणून तो हॉर्न फिल्ममध्ये तसाच राहिला.

लग्न आटोपल्यावर मी विचारलं, हे कडवं कुणाकडून शिकलात? ती म्हणाली, "कोनाकरशी नाय. माजा हाय. माज्या आयशीवर बांधलाय." तिची आई पोशीबाय जन्मभर मिठागरावर राबली. तिचा फोटो नाही. जमिनीच्या उताऱ्यावर बापाचं, मग भावांचं नाव, तिचं नाही. ती कधी होती याचा एकही कागद नाही. म्हणून धाकलीबायने तिला गाण्यात घातलं आणि प्रत्येक मांडवात, कुणाचंही लग्न असो, देवांच्या नंतर आणि पाहुण्यांच्या आधी ती आईला बोलवायची. हे सगळं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. ते माझ्या फिल्ममध्ये असायला हवं होतं. लांबीत बसेना म्हणून मी ते कापलं. ते दुसरं काहीतरी ठेवण्यासाठी कापलं, पण काय ठेवलं ते आता मला आठवतसुद्धा नाही.

आता गुन्ह्याची गोष्ट.

फिल्म जमा करताना एक तक्ता भरून द्यावा लागतो. आम्ही त्याला क्यू शीट म्हणतो. फिल्ममध्ये जेवढी गाणी वाजतात त्यांची यादी: कुठे वाजलं, कुणी गायलं, कुणी रचलं. त्या तक्त्यावरून पुढे जगाला कळतं की गाणं कुणाचं. संस्थेतल्या अधिकाऱ्यांसमोर बसून मी तो भरत होते. पोशीबायच्या कडव्याशी आले. 'गायिका' या रकान्यात धाकलीबायचं नाव घातलं. 'रचना' या रकान्यातही तेच लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात साहेब म्हणाले, "मॅडम, रचनेत नाव घातलंत तर त्यांचं संमतिपत्र लागेल. ओळखपत्र, अंगठा, दोन साक्षीदार. आणून द्या, मग फाइल पुढे जाईल."

"आणि नाही घातलं तर?"

"पारंपरिक लिहा. लोकगीत आहे ना शेवटी? आत्ता शिक्का मारतो."

धाकलीबाय त्या आठवड्यात खाडीपलीकडे लग्नाला गेली होती. चार दिवसांनी येणार होती. महोत्सवात फिल्म पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. पहिल्यांदाच माझी फिल्म एवढ्या लांब जाणार होती, माझं नाव एवढ्या लांब जाणार होतं. मी स्वतःला म्हटलं, गायिका म्हणून नाव आहेच की. आणि रकान्यात लिहिलं, 'पारंपरिक'. सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे.

अण्णांच्या एकट्याच्या टाळ्यांची गोष्ट सांगणारी, थिएटरात लोकांना खांदे धरून बसवणारी ती हीच बाई. तो प्रेमळ दिग्दर्शक आणि मी यांच्यात फरक एवढाच, की मी धाकलीबायला 'बेटा' म्हणत नव्हते, 'मावशी' म्हणत होते.

फिल्म महोत्सवांत गेली, चांगली गाजली, मग आम्ही ती गव्हाणला शाळेच्या पटांगणात दाखवली. गाव लोटलं होतं. हॉर्न वाजला तेव्हा सगळे हसले, धाकलीबायसुद्धा. शेवटी नावं सुरू झाली. मी कुणाला उठू दिलं नाही. धाकलीबायची नात अश्विनी कॉलेजात होती, ती आजीला एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवत होती. "गायिका, धाकलीबाय." टाळ्या. "रचना, पारंपरिक."

धाकलीबाय म्हणाली, "यो पारंपरिक कोन? कंच्या गावचा? मी तं याला वलखत नाय."

पटांगण खो खो हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही. ती गंमत करत नव्हती. ती सरळ विचारत होती, आणि तेव्हाच तिच्याशेजारी खाली बसून उत्तर देता आलं असतं. चूक तेव्हा एका तक्त्यापुरती होती. मी चहा सांगितला.

नंतर ती फिल्म संस्थेने इंटरनेटवर टाकली. दोनेक वर्षं गेली. मी करंजाड्याला ओळखीच्यांकडे हळदीला गेले होते. संध्याकाळची वेळ, दारात डीजेची भिंत उभी, पोरं नाचायच्या तयारीत. धवलारीण म्हणून धाकलीबायच आली होती. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर हातात पानसुपारीचं ताट घेऊन थांबली होती. डीजेचं एक गाणं झालं की मग तिचा नंबर, असं ठरलं होतं. नवरदेवाचा मामा तिला म्हणाला, "आजी, पाच मिन्टान आवरा हां. पोरा खोळंबल्यान."

तेवढ्यात नवं गाणं लागलं. सुरुवातीला ट्रकचा हॉर्न. लांबलचक, तीन सुरांचा. पोरांनी एकसाथ शिट्या मारल्या. मला वाटलं, भास झाला. मग हॉर्नखालून अगदी बारीक, चिरत चाललेला एक म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "पोशीबाय", आणि त्याच्यावर धाडकन ढोल कोसळले. कुणी तरुण गायक ओरडत होता, पोशी, पोशी, ठुमकत ये पोशी, कंबर हलव पोशी. शंभरेक माणसं हात वर करून नाचत होती. एक काका तोंडात पाचशेची नोट धरून कंबर हलवत होते.

ती धाकलीबायची आई होती. मिठागरावर पाय फुटेपर्यंत राबलेली, जिचा फोटो नाही ती. तिच्या नावावर कंबर हलवत होते.

मी मांडवाच्या त्या टोकाला धाकलीबायकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. ताट मांडीवर, हात ताटावर. गाणं संपेपर्यंत तिने नजर काढली नाही आणि मलाही काढता आली नाही. मग डीजे थांबला, ती उठली, मांडवात गेली आणि गायली. सगळे देव गायली, सगळे पाहुणे गायली. पोशीबायचं कडवं गायली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्या गाण्याच्या कंपनीत गेले. काचेची खोली, एसी, समोर तिशीचा एक मुलगा, कानात इअरफोनच्या गोळ्या. मी आवाज चढवला. चोरी म्हटलं, लाज वाटत नाही का म्हटलं, कोर्टात खेचीन म्हटलं. तो शांत होता. "मॅम, चिल. आम्ही प्रॉपर चेक केलंय." त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. पडद्यावर माझा तक्ता होता. माझं सुवाच्य अक्षर. "हे बघा, रचना, पारंपरिक. साइन तुमचीच आहे ना? ट्रॅडिशनल म्हणजे सगळ्यांचं. कोणीपण घेऊ शकतं."

"आणि आवाज? तो तर धाकलीबायचा आहे."

"तो तुमच्या संस्थेकडून लीगली घेतला, मॅम. लेटर आहे. पण 'पोशी' हुक जबरदस्त आहे हां, लगेच तोंडात बसतो, मानलं पाहिजे. कोणाला सुचलं असेल!"

कोणाला सुचलं असेल. हे तो मला विचारत होता, आणि त्याच्यासमोर पडद्यावर माझी सही होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण आता ती फेकायला जागाच नव्हती. मी त्या मुलावर नंतरही खूप चिडले, संस्थेवर चिडले, त्या साहेबांवर, जे हल्ली निवृत्त होऊन पुण्यात लोकसंस्कृतीवर व्याख्यानं देतात. त्यांतला एकही राग मी मागे घेत नाही. दुसऱ्याचं आयतं घेऊन वर 'सगळ्यांचं' म्हणणारी ही जमात आहे. सगळ्यांचं म्हणजे कधीच त्यांचं स्वतःचं नसतं. कुठल्या शेठने आपला बंगला पारंपरिक म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण त्यांना दार कुणी उघडून दिलं हा प्रश्न आला, की माझा आवाज खाली येतो.

मी गव्हाणला गेले. धाकलीबाय ओट्यावर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. मी सगळं सांगितलं. तक्ता काय, मुदत काय, साहेब काय म्हणाले. तिने मग विचारलं, "त्या कागदान तुजं नाव हाय?"

"आहे."

"कनच्या जागेन?"

"लेखिका आणि दिग्दर्शिका."

"त्याला कोन साक्षीदार लागला?"

मी म्हटलं, "नाही लागला."

ती सोडे निवडत राहिली. मीच म्हटलं, "मावशी, मी फिल्ममधलं नाव बदलून घेते. रचना म्हणून तुमचं घालते. कंपनीला नोटीस देते."

"घाल," ती म्हणाली. "बरा व्हईल. पन मांडवान आता मी ता नाव गायला की पोरं शिट्या मारतान. मागं दोन लग्नान झाला. एक तं हॉर्न वाजवून दाखवीत व्हता तोंडानं. माजी आय देवांच्या मागून येत व्हती, बाय, मांडवान. आता नाचाला येते. तिला मी बोलवू कशी, तूच सांग."

तिने सुपातले निवडलेले सोडे डब्यात भरले, एका पुडीत थोडे मलाही दिले आणि आत गेली.

फिल्ममधली पट्टी मी बदलून घेतली. त्यासाठी संस्थेत अकरा खेटे घातले, तेही केलं. नोटीस पाठवली, तिचं उत्तर आलं, उत्तरात माझ्याच तक्त्याची झेरॉक्स जोडलेली होती. गाणं अजून वाजतं. या लेखाला संपादकांनी जेवढी पानं दिली आहेत ती मी मुख्यतः एवढ्यासाठीच घेतली, की छापील कागदावर कुठेतरी हे असावं: ते कडवं लोकगीत नाही. ते गव्हाणच्या धाकलीबायने रचलं. पोशीबाय ही तिची आई, मिठागरावरची. तुमच्याकडच्या हळदीला ते लागलं आणि तुम्ही नाचलात, तर निदान कुणाच्या नावावर नाचताय हे ठाऊक असू द्या. तिचं माहेर, सासर मी इथे लिहिणार होते. धाकलीबाय म्हणाली, "ऱ्हाऊं दे. आनखी कोनी गाना करंल."

या उन्हाळ्यात अश्विनीचं लग्न झालं. तिने डीजे नको म्हणून घरात भांडण मांडलं होतं आणि ती जिंकली. आमंत्रण द्यायला तीच आली. "आजी बोलली, त्यांना बोलव," असं म्हणाली. मी कॅमेरा घरी ठेवून गेले. हाताला चुळबुळ होत होती, पण गेले.

धाकलीबायचा आवाज आता पार बसलाय. तरी उभी राहून गायली. लग्नाआधी तिने ओट्यावर बसून सगळ्यांची चौकशी करून घेतली होती, माझीही. मुलगी काय करते, गुडघे कसे आहेत, सगळं. मांडवात देव आले, पाणी आलं, वाडवडील आले. मग ती 'खारीवरची आय, मिठावरची आय' इथपर्यंत आली आणि थांबली. जिथे नाव यायचं तिथे एक श्वास नुसता सोडला आणि पुढचं गायला लागली. मागच्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणीही शिटी मारली नाही, मारायला जागाच ठेवली नव्हती.

मग पाहुणे सुरू झाले. नवरदेवाची आत्या, पेणचे मामा, मामांची नवी सून, अश्विनीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी एकेक करून, आचारी, आचाऱ्याची बायको, टेंपो आणणारा इसाकभाई, फोटोवाला. मी अगदी पुढे, तिच्या हाताच्या अंतरावर उभी होते. तिने दोनदा माझ्याकडे सरळ बघितलं आणि दोन्ही वेळा पुढच्याचं नाव घेतलं. धाकलीबाय नाव विसरत नाही, हे त्या मांडवातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "ताई, तुमी जेवून घ्या ना, पंगत बसली." मी म्हटलं, अजून नावं चालू आहेत. आणि शेवटचं नाव होईपर्यंत तिथेच उभी राहिले.